तुम्ही विचारलंत म्हणून: दादाला कुठलं व्हिटॅमिन देता?

हा प्रश्न मला आठवड्यातून एकदा तरी येतो. ऑक्युपेशनल थेरपीच्या सेंटरबाहेरच्या बाकावर, शाळेच्या फाटकाशी, रात्री साडेअकराला व्हॉट्सॲपवर. "ताई, तुम्ही दादाची जीन टेस्ट केली होती ना? एमटीएचएफआर निघालं होतं ना? मग मिथाइलफोलेट कुठल्या कंपनीचं देता? किती देता? फरक पडला का?" सोबत रिपोर्टचा फोटो असतो, एका ओळीभोवती लाल पेनाने गोल केलेला. परवा एकीने माझाच २०१८ सालचा मेसेज मला पाठवला. त्यात मी सगळ्या आयांना ही टेस्ट करून घ्यायला सांगितलं होतं, तीन उद्गारचिन्हं टाकून.

म्हणून एकदाच सगळं लिहिते. पुढच्या वेळी कुणी विचारलं की हेच पाठवीन.

आधी सरळ उत्तर. धाकटी झाल्यापासून माझ्या मुलाला घरात सगळे दादाच म्हणतात. आता तो तेरा वर्षांचा आहे, आणि त्याला ऑटिझम आहे. त्याला मी आज फक्त बी१२ देते, कारण ते त्याच्या रक्तात कमी निघालं होतं. ऑटिझमसाठी काही देत नाही. एमटीएचएफआर नावाच्या त्या जनुकासाठी काही देत नाही. आणि व्हिटॅमिन डी तर घरातच ठेवत नाही.

हे ऐकलं की समोरच्या आईचा चेहरा पडतो. कधी कधी तिला वाटतं, ताई लपवतायत. मी लपवत नाहीये. लपवलं होतं ते वेगळं, आणि ते पुढे येईलच.

दादा साडेपाच वर्षांचा असताना आम्ही ती टेस्ट केली. तेव्हा तो एक शब्द बोलत नव्हता. निदान करणाऱ्या डॉक्टरांनी सांगितलं होतं की यात आनुवंशिकतेचा वाटा मोठा असतो. बरोबरच सांगितलं होतं. पण त्या वाक्याला पुढचं वाक्य नव्हतं. आम्ही लिफ्टने खाली आलो, रिक्षा केली आणि घरी येऊन वरणभाताचा कुकर लावला. स्पीच थेरपीला पाच महिन्यांची वेटिंग लिस्ट होती. त्या पाच महिन्यांत घरी काय करायचं, हे आम्हाला कुणीही सांगितलं नाही. मी बँकेत काम करते, आकड्यांची मला सवय आहे आणि इंग्रजी वाचता येतं. रात्री दादा झोपला की मी वाचत बसायचे. "शिकल्यासवरल्या बायका अशा कशा फसतात" असं ज्यांना वाटतं त्यांनी ते पाच महिने एकदा जगून बघावेत.

एमटीएचएफआरने मला ते पुढचं वाक्य दिलं. हे एक जनुक आहे, त्यात एका जागी एक अक्षर बदललेलं आहे, त्यामुळे शरीराला फोलेट (पालेभाज्यांतलं एक बी व्हिटॅमिन; फॉलिक ॲसिड हे त्याचंच गोळीतलं रूप) नीट वापरता येत नाही, म्हणून मिथिलेशन नावाची शरीरातली एक रासायनिक क्रिया बिघडते, म्हणून मेंदूचं असं होतं, आणि ही बाटली दिली की सुधारतं. किती सुटसुटीत! त्यातला पहिला भाग खोटा नव्हता, हीच अडचण होती. हे जनुक खरं आहे. ६७७ क्रमांकाच्या जागचा बदल १९९५ साली मॉन्ट्रियलमधल्या शास्त्रज्ञांनी दाखवून दिला. दोन्ही आईबापांकडून तोच बदल आला असेल तर त्या एन्झाइमचं काम नेहमीच्या साधारण तीस टक्क्यांवर येतं. पानंफळं कमी खाणाऱ्या अशा माणसाचं होमोसिस्टीन, म्हणजे रक्तातलं एक अमिनो आम्ल, थोडं वाढू शकतं. इथवर सगळं पुस्तकातलं आहे.

दादाच्या रिपोर्टात ६७७च्या जागी एक प्रत बदललेली होती आणि १२९८ नावाच्या दुसऱ्या जागी एक. हे दोन बदल सहसा एकाच बाजूने येत नाहीत. म्हणजे एक माझ्याकडून आला आणि एक त्याच्या बाबाकडून. ते वाचून मला वाईट वाटायला हवं होतं. मला हलकं वाटलं. कारण निदान झाल्यापासून सासूबाई चारदा तरी म्हणाल्या होत्या, "आमच्याकडे असं कुणालाच नाही हो." त्या वाईट नाहीत. दादाला रोज सकाळी न्हाऊ घालतात, त्याचे कान पुसतात. पण ते वाक्य त्या म्हणायच्या, आणि दर वेळी मी माझ्या माहेरची माणसं मनातल्या मनात मोजायचे: मामा जरा विक्षिप्त, आत्याचा मुलगा उशिरा बोलला. रिपोर्टने दोष बरोब्बर अर्धा अर्धा वाटून दिला. मी तो फ्रिजवर लावला होता. हे आज लिहिताना लाज वाटते, पण ती टेस्ट मी मुलासाठी केली की स्वतःसाठी, हे तुम्हाला प्रामाणिकपणे सांगायचं तर ही गोष्ट गाळता येत नाही.

आणि दुसरी एक गोष्ट, जी कुणी उघड विचारत नाही, फक्त चाचपडतात: "तुम्ही त्या वेळी फॉलिकच्या गोळ्या घेतल्या होत्या ना?" नाही. पहिले दोन महिने मला पाणीसुद्धा पचत नव्हतं, गोळ्या उलटून पडायच्या, मग मी त्या घेणंच सोडलं. नॉर्वेतल्या ८५,१७६ मुलांचा अभ्यास २०१३ साली आला. गरोदरपणाच्या सुमारास फॉलिक ॲसिड घेतलेल्या आयांच्या हजार मुलांमागे एकाला ऑटिस्टिक डिसऑर्डरचं निदान झालं, न घेतलेल्यांच्या हजारांमागे दोघांना. हा आकडा मी किती रात्री उशाशी घेऊन झोपले असेन! हजारामागे दुसरं मूल ते माझं, असं धरूनच चालले होते. गोळी न घेतलेल्या बाकीच्या ९९८ बायकांच्या मुलांना ते निदान झालं नाही, हे माझ्या डोक्यात शिरायला वर्षं लागली. शिवाय ज्या बायका वेळेवर गोळी घेतात त्या आणखीही पुष्कळ गोष्टी वेळेवर करतात, त्यांचं घर वेगळं असतं, पोट भरलेलं असतं. असे अभ्यास तो सगळा हिशेब वजा करायचा प्रयत्न करतात, पण सगळा वजा होत नाही. तरीही कुणी गरोदर मुलगी विचारेल तर मी सांगीन, गोळी घे. बाळाच्या पाठीच्या कण्याचे दोष टाळण्यासाठी तिचा उपयोग शंकेपलीकडचा आहे आणि रिपोर्टात कुठलं अक्षर आलंय याने त्यात फरक पडत नाही. असे बदल असलेल्यांनाही साधं फॉलिक ॲसिड वापरता येतं.

आता ते सहा आठवडे.

रिपोर्ट घेऊन मी एका बाईंना व्हिडिओ कॉल केला. त्या मिथिलेशन प्रोटोकॉल लिहून द्यायच्या. त्यांचं नाव मी कुणालाही सांगत नाही, विचारू नका. त्यांनी दादाचं रक्त तपासून घेतलं. व्हिटॅमिन डी १४ निघालं, म्हणजे कमीच. मग एक तक्ता आला. सकाळी सहापासून रात्री नऊपर्यंत चौदा गोष्टी: मिथाइलफोलेट, मिथाइल बी१२चे थेंब, बी६, मॅग्नेशियम, झिंक, कॉड लिव्हर ऑइल, कॅल्शियमचं सरबत आणि साठ हजार युनिटचं डीचं सॅशे, रोज एक, आठ आठवडे. केमिस्टने मला थांबवलं होतं. पुड्यांचा गठ्ठा हातात धरून तो म्हणाला, "मॅडम, हे आठवड्याला एक असतं." मी म्हटलं, "माहितीये, आमची केस वेगळी आहे." त्या बाईंनी तसंच समजावलं होतं, की मिथिलेशन बिघडलेल्या मुलांना साधा डोस लागूच पडत नाही. डी देऊन ऑटिस्टिक मुलं सुधारली असं सांगणारा इजिप्तमधला एक अभ्यासही त्यांनी पाठवला होता. तो मी पूर्ण वाचला, पेन्सिलने खुणा केल्या. २०१९ मध्ये तो छापणाऱ्या मासिकानेच मागे घेतला. पण ही गोष्ट २०१८ सालची.

तिसऱ्या आठवड्यात, रात्री मी ओटा पुसत होते. दादा आला. एरवी त्याला काही हवं असलं की तो माझं मनगट धरून ओढत न्यायचा आणि माझाच हात त्या वस्तूवर ठेवायचा. त्या रात्री त्याने माझा हात धरला नाही. माठाजवळ उभा राहिला, स्टीलचा पेला उचलला, पालथा होता तो सरळ केला आणि म्हणाला, "पाणी."

'णी' अगदी स्पष्ट. मी फडकं हातात घेऊन तशीच उभी. नवऱ्याला हाक मारायलाही आवाज फुटेना. त्याने पेलाभर पाणी पिऊन पेला पुन्हा पुढे केला आणि पुन्हा म्हणाला. तीन पेले प्यायला.

दुसऱ्या दिवशी मी व्हिडिओ घेतला, अकरा सेकंदांचा, आणि आयांच्या ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं की एमटीएचएफआर तपासा, प्रोटोकॉल सुरू करा. दोन दिवसांत नऊजणींनी त्या बाईंचा नंबर मागितला. मी नऊजणींना दिला.

चौथ्या आठवड्यात तो दिवसभर पाणी मागायला लागला. आम्ही प्रत्येक वेळी टाळ्या वाजवायचो. रात्रीचं अंथरूण पुन्हा ओलं व्हायला लागलं, दोन वर्षांनी डायपर आणावे लागले. शी चार चार दिवस होईना. दूधभाताला तोंड लावेना. पाचव्या आठवड्यात उलट्या सुरू झाल्या. ग्रुपवर विचारलं तर उत्तर आलं, "डाय-ऑफ आहे ताई, आतली घाण बाहेर पडतेय, आता थांबलात तर सगळं वाया जाईल." त्या बाईही तेच म्हणाल्या. त्यानंतर मी आणखी दहा दिवस पुड्या दिल्या. दुधात मिसळून, नाक दाबून. ते दहा दिवस माझे आहेत. ते दुसऱ्या कुणाच्या नावावर टाकता येत नाहीत, मी टाकून बघितलंय.

एका रविवारी तो जमिनीवर गार फरशीला गाल लावून पडून होता आणि उठवला तरी उठेना. नवऱ्याने त्याला खांद्यावर घेतलं आणि माझी वाट न बघता जिना उतरला.

कॅज्युअल्टीत एक तरुण रजिस्ट्रार डॉक्टर होती. वजन केलं तर अडीच किलो कमी भरलं. तिने विचारलं, "पाणी किती पितो?" मी म्हटलं, "खूप पितो. मागून पितो. बोलायला लागलाय तो." हे मी अभिमानाने सांगितलं. माझं मूल स्ट्रेचरवर लोळागोळा होऊन पडलं होतं आणि मी अभिमानाने सांगितलं. तिचं पेन कागदावर थांबलं. "लघवी जास्त होते का? शी होतेय का? किती दिवसांपासून?" मग विचारलं, "औषधं काय काय चालू आहेत?" मी म्हणाले, "मल्टिव्हिटॅमिन."

एवढंच म्हणाले. मला माहीत होतं की पूर्ण यादी सांगितली तर ती रागावेल, सगळं बंद करेल, आणि मग तो शब्द जाईल.

दोन तासांनी रक्ताचा रिपोर्ट आला. कॅल्शियम १४.६. जास्तीत जास्त साडेदहा असायला हवं. ती स्टूल ओढून माझ्यासमोर बसली आणि अजिबात आवाज न चढवता म्हणाली, "आई, घरात जे जे आहे ते सगळं मला बघायचंय." नवरा घरी जाऊन डबा घेऊन आला, दिवाळीत लाडू ठेवतो तो मोठा स्टीलचा. त्याने तो बेडवर उपडा केला. पांढऱ्या चादरीवर चौदा बाटल्या आणि उरलेली सॅशे. तिने एक पुडी उजेडात धरून वाचली, मग उरलेल्या मोजल्या. "किती दिली?" मी तक्त्यावर रोज बरोबरची खूण करत होते, म्हणून मला आकडा पाठ होता. अडतीस.

अडतीस गुणिले साठ हजार. बावीस लाख ऐंशी हजार युनिट. त्या वयाच्या मुलाला दिवसाला सहाशे पुरतात. म्हणजे दहा वर्षांहून जास्त काळाचं डी मी अडतीस दिवसांत त्याच्या पोटात घातलं होतं, आणि ते चरबीत साठतं, पाण्याबरोबर निघून जात नाही. डी फार झालं की रक्तात कॅल्शियम वाढतं, आणि ते वाढलं की मूत्रपिंडाला पाणी धरून ठेवता येत नाही. मूल सारखं लघवी करतं आणि सारखं तहानतं. माझं मूल तहानेने बोललं होतं.

नऊ दिवस वॉर्डात. सलाईन, स्टेरॉइड, दर सहा-आठ तासांनी रक्त. त्याने तीनदा सलाईनची सुई ओढून काढली, मग हाताला फळी बांधावी लागली. दूध, दही बंद केलं, आणि त्याचं सगळं जेवणच दूधभात आणि दहीभात होतं. त्याला का नाही हे समजावण्यासारखे शब्द आमच्या दोघांत नव्हते. तो फक्त "पाणी" म्हणायचा. रात्रभर म्हणायचा. पाणी द्यायला परवानगी होती, मी देत होते, आणि प्रत्येक पेल्याला मला त्या ग्रुपवरच्या टाळ्या ऐकू यायच्या. सातव्या दिवशी कॅल्शियम अकराच्या खाली आलं. त्या रात्री तो न मागता झोपला. नंतरच्या सोनोग्राफीत मूत्रपिंडात चुन्याचे बारीक ठिपके दिसले. दर वर्षी बघावे लागतात.

मी ग्रुपवरून व्हिडिओ काढून टाकला. का काढला ते आठ महिने लिहिलं नाही. त्या नऊजणींपैकी किती जणींनी रोज पुडी दिली, मला कळलं नाही. लपवलं ते हे.

पुढे वाचताना मला आणखी एक गोष्ट सापडली. लंडनमधल्या डॉक्टरांनी २०१६ सालीच एका चार वर्षांच्या ऑटिस्टिक मुलाची केस छापली होती. बारा सप्लिमेंट्स, डीसकट. उलट्या, बद्धकोष्ठता, प्रचंड तहान, वजन उतरलेलं. मी टेस्टचे पैसे भरण्याच्या दोन वर्षं आधी हे छापून ठेवलेलं होतं.

त्यानंतर आम्ही एका जेनेटिक्सच्या ओपीडीत गेलो. त्या डॉक्टर बाईंनी आमचा लाल गोलाचा रिपोर्ट बघितला आणि शांतपणे बाजूला ठेवला. म्हणाल्या, "बाहेर रांगेत बसलेत ना, त्यातल्या निम्म्याहून जास्त लोकांकडे या दोनपैकी काहीतरी निघेल. तुमच्या शेजाऱ्यांकडे निघेल. माझ्याकडेही असेल." ६७७चा बदल आपल्याकडे तसा कमी आणि १२९८चा भरपूर. इतक्या जणांकडे असलेली गोष्ट दादाचं कारण कशी असेल? त्यांनी क्रोमोसोमल मायक्रोॲरे (गुणसूत्रांचे तुकडे कमी-जास्त आहेत का ते बघणारी तपासणी) आणि फ्रॅजाइल एक्स या आनुवंशिक आजाराची तपासणी लिहून दिली. डॉक्टर खरोखर मागवतात त्या तपासण्या या. मायक्रोॲरेने साधारण दहा टक्के मुलांत काही ठोस सापडतं. आमचं काही सापडलं नाही.

मग जनुकांचं काही खरंच नाही का, असं तुम्ही विचाराल. आहे, आणि खूप आहे, पण मी समजले होते तसं नाही. २०१४ साली स्वीडनमधल्या माहितीवरून असं दिसलं की ऑटिझमच्या शक्यतेतला जवळपास निम्मा भाग अशाच सर्वसामान्य, घरोघरी असणाऱ्या बदलांमधून येतो. पण ते बदल हजारो आहेत आणि एकेकाचा वाटा नगण्य. २०१९ साली १८,३८१ ऑटिस्टिक माणसांची २७,९६९ इतरांशी तुलना केली तेव्हा जेमतेम पाच जागा खात्रीने वेगळ्या ओळखता आल्या. एमटीएचएफआर त्यात नव्हतं. गोड्या मसाल्यातली एक लवंग शोधून तिला औषध देण्यासारखं मी करत होते. काही लहान अभ्यासांत ६७७चा संबंध दिसलेला आहे, विशेषतः जिथे पिठात फॉलिक ॲसिड सक्तीने मिसळत नाहीत अशा देशांत, आणि आपला देश तसाच आहे. म्हणून मी "शून्य संबंध" असं ठासून म्हणत नाही. पण तो संबंध असलाच तर गरोदर आईच्या पोषणाच्या दिशेने जातो. पाच वर्षांच्या मुलाला बाटल्या पाजण्याच्या दिशेने जात नाही.

व्हिटॅमिनची थट्टा करणारे डॉक्टरही मला आवडत नाहीत, हे इथेच सांगते. ज्या फोलेटवरून हा सगळा गदारोळ आहे त्याचा माग मुंबईत लागला. १९२८ साली ल्युसी विल्स नावाच्या इंग्लिश डॉक्टर मुंबईत आल्या. गिरण्यांत काम करणाऱ्या गरोदर बायका एका विचित्र ॲनिमियाने मरत होत्या. लोह देऊन उपयोग नव्हता. विल्सबाईंनी त्या काय खातात ते बघितलं आणि यीस्टचा स्वस्त अर्क, मार्माइट, देऊन बघितला. बायका उठून बसल्या. १९३१ साली ते छापून आलं. त्या अर्कातलं जे काही होतं ते पुढे फोलेट म्हणून ओळखलं गेलं. माझे आजोबा लालबागला गिरणीत होते, त्यामुळे हे वाचताना मला भरून आलं. पण त्या बायकांच्या अंगात ते नव्हतं, म्हणून दिल्यावर चमत्कार झाला. विल्सबाईंनी आधी ताट बघितलं होतं.

आणि आपल्या ताटात एक उणीव खरंच आहे. पुण्याजवळच्या खेड्यांत केईएम रुग्णालयाच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांच्या पथकाने १९९३ पासून गरोदर बायकांचा अभ्यास केला. साठ टक्क्यांहून जास्त जणींत बी१२ कमी होतं. फोलेट कमी असलेली जवळजवळ कुणीच नव्हती. म्हणजे ज्याची आपल्याकडे वाण नाही त्याची मी परदेशी बाटली मागवत होते, आणि जे खरंच कमी असतं त्याकडे कुणी बघत नव्हतं. शाकाहारी आईचं, फक्त अंगावर पिणारं बाळ बी१२च्या अभावाने मलूल होतं, हसायचं थांबतं, शिकलेलं विसरतं, आणि वेळेत बी१२ दिलं तर परत येतं. तो ऑटिझम नव्हे. पण लहान मुलाने शिकलेलं गमावलं तर ही एक तपासणी करूनच घ्या, यासाठी मी कुणाशीही भांडेन. आपली ऑटिस्टिक मुलं पुष्कळदा दोन-तीनच पदार्थ खातात. त्यांच्या रक्तात खरी कमतरता निघू शकते, ती भरून काढावी. ते भरलं की मूल कमी थकतं, नीट झोपतं. त्याला ऑटिझमचा उपचार म्हणायची गरज मला आता वाटत नाही.

एवढं लिहिल्यावर २०१८ मधली मी मला गप्प बसू देत नाही. ती म्हणते, पण तू ऐकलंस ना? साडेपाच वर्षांत जो आवाज आला नाही तो आला. तहान होती म्हणतेस, मग बाकीची तहानलेली मुलं बोलतात का? बी१२ आणि फोलेट आणि तहान, सगळं एकत्र होतं. तू कुठल्या तोंडाने सांगतेस की कशामुळे झालं?

मी तिला म्हणते, त्याच महिन्यात शाळेतल्या बाईंनी चित्रांची कार्डं सुरू केली होती आणि पहिलं कार्ड पाण्याच्या पेल्याचं होतं. ती म्हणते, ते तुला नंतर आठवलं. हो, नंतर आठवलं. मी म्हणते, हॉस्पिटलमधून आल्यावर तो शब्द गेला. ती म्हणते, बाटल्या बंद केल्यास म्हणून गेला. मी म्हणते, डिसेंबरात तो परत आला, एकही बाटली नसताना, तुळशीला पाणी घालताना. यावर ती काही बोलत नाही, पण हरलेलीही दिसत नाही. आमचं हे भांडण सात वर्षं चाललंय.

आणि आता नवीन फोन सुरू झालेत. २२ सप्टेंबर २०२५ ला अमेरिकेच्या सरकारने ऑटिझमच्या संदर्भात ल्युकोव्होरिन या औषधाची घोषणा केली, तेव्हा दोन दिवसांत मला सोळा मेसेज आले. ल्युकोव्होरिन म्हणजे फॉलिनिक ॲसिड. कॅन्सरच्या औषधाचा त्रास आवरण्यासाठी ते वर्षानुवर्षं वापरात आहे. मेंदूपर्यंत फोलेट पोचण्याची वाट काही मुलांत अँटिबॉडीज अडवतात, असा त्यामागचा विचार. हा एमटीएचएफआरचा मामला नव्हे, हे दोन्ही एकात मिसळू नका. त्यातल्या सर्वांत गाजलेल्या चाचणीत ४८ मुलं होती, बारा आठवडे. ज्यांच्यात त्या अँटिबॉडीज होत्या त्यांच्या बोलण्यात जास्त फरक दिसला. ४८ मुलं. मी हा आकडा वाचते आणि माझ्यातली बँकेतली बाई म्हणते, थांब. आणि माझ्यातली आई तो परिच्छेद पुन्हा वाचते.

नवरा म्हणतो, न्यूरॉलॉजिस्टना विचारायला काय हरकत आहे, विचारून, तपासून, त्यांच्या देखरेखीखाली. तो बरोबर बोलतोय. मी अपॉइंटमेंट घेतली आणि एकदा पुढे ढकलली. विचारणाऱ्यांनो, तुम्हाला काय सांगू ते मला माहीत नाही. बाटलीचं नाव मागू नका, मी देणार नाही. डॉक्टरांनी "काय काय देता" असं विचारलं की सगळं सांगा, लाजू नका, डबा घेऊनच जा.

दादा आता चाळीसेक शब्द बोलतो. 'पाणी' त्यातला सर्वांत स्वच्छ आहे. तो स्वयंपाकघरात येतो, पेला सरळ करतो, म्हणतो. मी देते, आणि अजूनही पेले मोजते. काल सहा झाले.